मेण्याच्या वाटेवरची चौथी बाई

१

रमण्यात चार बाया गेल्या आणि तीन परत आल्या. ही गोष्ट निजामाच्या राजातली, सन अडतीसच्या माघातली. मी तवा पस्तिशीची होते. आज डोळे मिटून आठवलं की मलाच वाटतं, हे मी पाहिलं की मला सपान पडलं.

मी शकुंतलाबाई कासारीण, राहणार कळमनुरी. डोक्यावर बांगड्यांची पाटी घ्यायची आणि गावोगाव हिंडायचं, हा माझा धंदा. धावडवाडी माझ्या फेरीतलं गाव, कळमनुरीहून दोन कोस. त्या गावाच्या मागं जागीरदाराचा रमणा होता. रमणा म्हणजे शिकारीसाठी राखलेलं रान. शंभर-दीडशे वर्षांत त्यात कुऱ्हाड पडली न्हवती. साग, धावडा, अंजन, मोह, सगळी झाडं आपल्या मर्जीनं वाढलेली. भोवती दगडी गडगा, एक फाटक आणि फाटकावर रखवालदार. मधोमध एक डोह, त्याला आसरांचा, म्हणजे पाण्यातल्या सात देवींचा, डोह म्हणायचे.

फाटकापासून डोहापर्यंत कोसभर वाट होती. जुन्या काळी कुण्या जागीरदाराच्या बेगमेला रानात हवा खायची हौस होती, तिच्या मेण्यासाठी ती काढलेली. मेणा हिंदकळू नये म्हणून वाटेला ना चढ, ना वळसा, ना काटा. बेगम गेली, मेणा गेला, वाट राहिली. माघात एक दिवस नवसाच्या बायांना त्या वाटेनं जायची परवानगी असायची. बायांनी अनवाणी, एकामागं एक चालायचं. डोह येईपर्यंत बोलायचं न्हाई आणि मागं वळून पाहायचं न्हाई. मागं पाहिलं की आसरा नेतात, असं म्हणत.

त्या दिवशी सगळ्यात पुढं होती गोजरबाई, आसरांची पुजारीण. तिच्या मागं सखुबाई, धावडवाडीच्या उकंडराव पाटलाची भावजय, थोरल्या भावाची बायको. मग नानीबाई, उकंडरावाची विधवा आई. आणि शेवटी रूपा, उकंडरावाची बायको. नवस तिचाच होता. लग्नाला तीन वर्षं झाली, मांडी रिकामीच. खुद्द उकंडराव फाटकापाशी गाडी सोडून बसला होता, सतराजणांत गप्पा मारत.

रूपाच्या पायात चांदीच्या तोरड्या, घुंगरांच्या. मागं पाहता येत न्हाई, पण तोरड्या वाजतात, म्हणजे सून येऊन राहिली, हे सगळ्यांना कळत होतं. डोहापर्यंत तोरड्या वाजल्या. डोहापाशी तिघींनी डोळे मिटून सात आसरांची नावं सात-सात बार मनात घेतली आणि मागं वळल्या.

वाटेवर कुणी न्हवतं. काठच्या दगडावर तोरड्या तेवढ्या होत्या.

२

गावानं एका दमात निकाल लावला, आसरांनी नेली. कळमनुरीचे अमीनसाहेब म्हणजे पोलिसांतले मोठे अंमलदार, ते मात्र आसरांना मानणारे न्हवते. त्यांनी भोई बोलावले, दोन दिवस डोह ढवळला. गाळ निघाला, जुनी घागर निघाली, बाई काही निघाली न्हाई.

मंग रखवालदार संतराम बोलला. म्हणाला, त्याच घडीला डोहाच्या पलीकडच्या काठाला लमाणांच्या तांड्यावरचा लखमा होता. बैलांना पाणी पाजत होता. रमण्यात गुरं घालायची बंदी, म्हणून लखमा गडग्याच्या खिंडारातून चोरून शिरलेला. झालं. तांड्यावरचा माणूस, त्यात चोरून शिरलेला. पुरावा शोधायची गरजच कुणाला वाटली न्हाई. लखमाच्या हातात बेड्या पडल्या.

चौथ्या दिवशी सकाळी लखमाची आई माझ्या दारात येऊन बसली. जिवनबाई तिचं नाव. एका काळी ह्या लोकांचे बैल मिठाची ओझी घेऊन मुलूखभर फिरायचे, आता तांड्याभोवती चार-सहा एकरांत ज्वारी पेरायचे. दंडापर्यंत बलोये, म्हणजे हाडाचे पांढरे चुडे, अंगात आरशांची काचोळी. दर दिवाळीला माझ्याकडून मनगटात घालायला लाखेच्या दोन बांगड्या घ्यायची आणि त्यातही भाव करायची. त्या दिवशी ती भाव करायला आली न्हवती.

"बाई," ती म्हणाली, "उद्या माझ्या लखमाला परभनीला नेऊन राहिले. तिथून फाशीच म्हनत्यात. आनि तांडा आठ दिवसात उठवायचा हुकूम झाला."

"मी काय करू त्यात? मी काय वकील आहे का?"

"तुमी कासारीन हाव. पाटलाच्या माजघरात तुमी जाता, मला कोनी वसरीवर उभं करत न्हाई. तुमी जाऊन पाहा फक्त."

"काय पाहू?"

"ते मला ठावं असतं तं मी इथं कशाला आले असते?"

तिचंही खरंच होतं. मला रागही आला. जगातली सगळी लफडी बांगड्यांच्या पाटीतच येऊन पडतात. पण मला रूपाचा हात आठवला. आठच दिवसांआधी त्या हातांत मी नवसासाठी दोन डझन हिरवा चुडा भरला होता. इवलंसं मनगट, लेकरांच्या मापाच्या बांगड्या लागायच्या. त्या मनगटावर निळे वळ होते. मी विचारलं तर म्हणाली, जातं लागलं. जात्यानं चार बोटांचे वळ उठलेले मी आजवर पाहिले न्हाईत. तोंड दाबून बुक्क्यांचा मार खात होती पोरगी, आणि मी गप बसून बांगड्या भरल्या होत्या.

"उठ," मी जिवनबाईला म्हणाले. "चल धावडवाडीच्या चावडीवर."

३

चावडीत अमीनसाहेब खाटेवर बसून पान लावत होते. कोपऱ्यात लखमा होता. बावीस-तेवीसचं पोरगं, एक डोळा सुजून मिटलेला. आईला पाहून त्यानं मान फिरवली.

"साहेब, त्या तोरड्या पाहू द्या जरा," मी म्हणाले.

"बाई, तुम चूड्या बेचो. तफ्तीश हम करते."

"बेचतेच आहे की साहेब. तुमच्या बेगमसाहेबांना हैदराबादी लाखेचा जोड पाहिजे होता, तो बांधूनच आणलाय." हे काही खोटं न्हवतं. जोड मी खरंच आणला होता. साहेब हसले आणि शिपायाला म्हणाले, दिखाव.

तोरड्या माझ्या हातात आल्या. चांगली शेरभर चांदी. तोरडी पायात घालायची तर तिचं तोंड उघडावं लागतं, मंग दोन्ही टोकं जुळवून त्यांतून खिळी सारायची. हे काम दोन्ही हातांचं आणि निवांतपणाचं आहे. मी खिळ्या पाहिल्या. दोन्ही जागेवर होत्या. एक सरळ होती. दुसरी वाकली होती. टोकं एकमेकांपर्यंत पोचत न्हवती, तरी कुणीतरी जोरानं दाबून खिळी घातली, म्हणून ती वाकली होती.

"साहेब, डोहावर काकणाचे तुकडे सापडले काय?"

"काहेके तुकडे?"

"काचेचे. पोरीच्या हातात चोवीस काकणं होती, माझ्याच हातानं भरलेली. पुरुषमाणसानं बाईला धरून ओढलं तर आधी काकणं फुटतात. आमच्या धंद्याला त्याचीच बरकत आहे. एक तरी तुकडा सापडायला पाहिजे."

अमीनसाहेबांनी पान तोंडात टाकलं. "न्हाई सापडला," ते म्हणाले.

"आणि ओढून न्यायची बाई आधी खाली बसून दोन खिळ्या काढील, तोरड्या दगडावर मांडील, पुन्हा खिळ्या घालील, असं होईल का?"

साहेबांनी पिंक टाकली. मंग म्हणाले, "लेकिन आवाज डोहापर्यंत आला. दो औरतोंका बयान है. डोहापर्यंत आली, याचा अर्थ डोहावरून गेली. आणि डोहावर कोन होता? ये." त्यांनी लखमाकडं बोट केलं. "कल इसको परभणी."

आवाज डोहापर्यंत आला होता. लखमा सुटायचा तर तो आवाज खोटा ठरायला पाहिजे होता, आणि आवाज खोटा कसा ठरवायचा?

४

आधी संतरामाकडं गेले. तो फाटकापाशी चिलीम ओढत बसलेला. मला पाहून म्हणाला, "या कासारीनबाई, मला बांगड्या भरायला आल्या का?"

"भरल्या असत्या, पण तुमच्या मापाच्या न्हाईत. लखमाला डोहावर तुमी पाहिलं?"

"पाहिलं. माझं त्याचं वैर न्हाई. विचारलं म्हनून सांगितलं."

"किती वेळ होता तो तिथं?"

"बाया फाटकातून शिरल्या त्याच्याही आधीपासून. मी गडग्याच्या बाजूनं फेरी मारत डोहावर गेलो, तवा बैल पान्यात बसले होते. तोरड्या कानावर आल्या तसा तो झुडपात तोंड खाली घालून लपला, आनि मी पाठ फिरवली; नवसाच्या बाया पुरुषानं पाहू नये. मी त्याला ओरडलो न्हाई. नवसाच्या वाटेवर ओरडू नये."

म्हणजे लखमा सगळा वेळ डोहावरच. पोरगी डोहावर नाहीशी झाली असंल तर तोच चोर. दुसरीकडं कुठं नाहीशी झाली असंल तर त्याचा तिच्याशी काही संबंध न्हाई. एवढ्याशा फरकावर त्याची मान टांगली होती.

मंग मी उकंडरावाच्या घरी गेले. उकंडराव ओट्यावर बसून खांबाला टेकला होता, लाल डोळ्यांचा. दारू न्हवे, रडला होता. असे पुरुष मी पुष्कळ पाहिलेत. मारताना हात दुखत न्हाई आणि बायको गेली की हंबरडा फोडतात. मी त्याच्याकडं न पाहता आत गेले.

सखुबाई चुलीपाशी होती. जाडजूड, भोळी आणि जीभ तोंडात न मावणारी. तिला एक प्रश्न विचारला की चार उत्तरं मिळायची.

"मला तं सपनातल्यावानी वाटते बाई," ती म्हणाली. "ते रान, ते ऊन खाली गळून राहिलेलं, पायाखाली सागाची पानं. आनि मागं छुम छुम. मला तं झोपच येऊन राहिली होती चालता चालता."

"आवाज कुठं थांबला होता का मधी?"

"ओढ्यावर थांबला की. फाटकातून आत शे-दोनशे पावलांवर ओढा आहे न. तिथं सगळ्याजनी पाय धुतात. मी नि गोजरबाई पाय धुऊन पलीकडं पाठ करून उभ्या राहिलो. ह्या दोघींना उशीर झाला. मंग नानीबाईनं टाळी वाजवली, मंग निघालो."

"ओढ्यानंतरचा आवाज तसाच होता?"

सखुबाईनं तवा खाली उतरवला. "तसाच कसा? ओढ्याआधी लांबून येत होता, बारीक. नंतर माझ्या अगदी पाठीशी. आनि जड. मला वाटलं रूपा थकली, म्हनून सासूला धरून चालून राहिली असंल."

"रांगेत रूपा शेवटी काहून होती? नवसाची बाई तर पुजारणीच्या मागं चालते. आणि विधवा बाई सगळ्यात शेवटी. ही रीत माझ्या आजीपासूनची."

"व्हय की. पन नानीबाईला आदल्या राती सपान पडलं. आसरा म्हनल्या, सून शेवटी ठेव. मंग गोजरबाई काय बोलनार? सपनापुढं कोनाचं चालते?"

नानीबाई. अकरा वर्षांआधी नवरा वारला, त्या दिवसापासून हिची एकादशी चुकली न्हाई, ही पांढऱ्या कपाळानं कुणाच्या लग्नात पुढं आली न्हाई. कुंकवाच्या कोयरीला बोट लागलं तर हात धुणारी. तिनं रीत मोडली, आणि तीही आसरांच्या वाटेवर.

मला कळलं, पण मन घेईना. तेवढ्यात मागून आवाज आला.

"कासारीन, माझ्या सुनेचं काय विचारून राहिली?"

दारात नानीबाई उभ्या होत्या.

५

"विचारत न्हाई मावशी," मी म्हणाले. "रूपासाठी डोहावर ओटी ठेवायची आहे. एकटीला भेव वाटते. तुमी येता?"

त्यांनी डोक्यावरचा पदर सारखा केला. "चाल," म्हणाल्या.

दुपारची वेळ. संतरामानं फाटक उघडलं. आम्ही वहाणा काढल्या. मी पुढं, त्या मागं. विधवा शेवटी, रीतीप्रमाणं.

ओढा आला. मी पाय धुतले आणि पलीकडं जाऊन उभी राहिले, पण पाठ केली न्हाई. नानीबाई काठावर तशाच उभ्या. लुगड्याचा काठ घोट्याखाली ओढलेला. पाण्यात उतरायचं तर काठ वर घ्यावा लागतो. त्यांनी माझ्याकडं पाहिलं. मी नजर हलवली न्हाई. मंग त्यांनी सावकाश काठ वर घेतला आणि पाय पाण्यात घातला.

घोट्याच्या वर, दोन्ही पायांना, सभोवार कातडं सोललेलं. उजव्या पायाला जास्त, खपली धरलेली. घट्ट बांगडी जोरानं चढवली की मनगटाला असाच वेढा उठतो. माझा जन्म गेला ते वेढे पाहण्यात. हातच्या काकणाला आरसा कशाला म्हणतात, ते हेच.

त्यांनाही कळलं की मला कळलं. पण डोह येईपर्यंत बोलायचं न्हाई. मी वळले आणि चालायला लागले.

तशी वाट मी पुन्हा कधी चालले न्हाई. ऊन पानांतून झिरपत होतं, वारा पडला होता. सागाची पानं एकेक करून वाटेवर उतरत होती, कुठं घाई न्हवती. पळसाला काळ्या कळ्या लागलेल्या. लांब कुठं मोर ओरडला आणि गप झाला. मला वाटलं मी हलतच न्हाई, झाडंच सावकाश मागं सरकून राहिली. बेगमेचा मेणा असाच गेला असंल. मागं नानीबाई होत्या का न्हाई, मला कळत न्हवतं. अनवाणी पाय वाजत न्हाईत. मागं पाहिलं की आसरा नेतात. मी कासारीण, असल्या गोष्टींना हसणारी, पण त्या कोसभरात मी एकदाही मान वळवली न्हाई. मधेच वाटायचं, त्याही गेल्या असतील. रूपा गेली तशा, ओढ्यावरूनच. मंग लखमाला कोण सोडवणार?

डोह आला. पाणी हिरवं आणि स्थिर. मी डोळे मिटले न्हाईत, सरळ मागं वळले.

नानीबाई उभ्या होत्या. गालांवरून पाणी वाहत होतं, आणि त्या ते पुसत न्हवत्या.

"बस इथं," त्या म्हणाल्या. "सांगते."

आम्ही काठावर बसलो.

"तिला दोनदा दिवस गेले होते," नानीबाई म्हणाल्या. "दोन्ही बारीला माझ्याच लेकाच्या लाथेनं पडलं. गावाला वाटते पोरगी वांझ आहे. मी बाहेर तसंच सांगत होते, लेकाची अब्रू जाऊ नये म्हनून. त्यानंच मला म्हनलं, आई, नवस बोल. आता मी आसरांना काय मागू, शकुंतला? माझ्याच लेकापासून वाचवा म्हनू?"

"म्हणून ओढ्यावरून घालवली तिला," मी म्हणाले.

"ओढ्याच्या पात्रातून खाली गेलं की गडग्याला मोरी आहे, पलीकडं सडक. तिथं माझा भाऊ गाडी घेऊन उभा होता. वऱ्हाडातून आलता, पैनगंगेपलीकडून. तिकडं इंग्रजाचं राज, इथले पोलीस जात न्हाईत. पन लवकर कळलं असतं तं उकंडानं घोड्यावर गाठलं असतं. वेळ पाहिजे होता. आनि कोनी शोधूच नये, असं पाहिजे होतं. पान्यानं नेलेल्या बाईला कोनी शोधत न्हाई."

"म्हणून तोरड्या तुमी घातल्या."

त्यांनी तोंडावर पदर घेतला. एवढा वेळ ज्या बाईला लाज वाटली न्हवती, तिला आता वाटली. "रांडमुंड बाई मी. अकरा वर्सांत पायात दोरा बांधला न्हाई. घालताना वाटलं, आत्ता जमीन फाटंल. न्हाई फाटली. कोसभर वाजवत चालले. डोहावर त्या दोघींचे डोळे मिटलेले, तेवढ्यात खिळ्या काढून तोरड्या दगडावर ठेवल्या आनि सवयीनं खिळ्या पुन्हा सारल्या."

म्हणून तर कुणाच्या मनात आलं न्हाई. अमीनसाहेबांच्या न्हाई, गोजरबाईच्या न्हाई, माझ्याही न्हाई. चार बायांत एक विधवा होती, म्हणजे तोरड्या तिच्या पायात नसणार, हे आम्ही सगळ्यांनी न मोजताच धरलं होतं.

"आणि लखमा?" मी विचारलं.

"मला काय ठावं तो इथं असंल?" त्या म्हणाल्या. "चार दिस झाले, घास उतरत न्हाई. बोलले तं पोरगी परत येते. न बोलले तं ते लेकरू जाते. तूच सांग, कोनाचा जीव देऊ?"

मला राग आला त्यांचा, आणि दयाही आली. "मावशी, त्याचा एक डोळा मिटलाय. उद्या सकाळी गाडी निघून राहिली. तुमच्या सुनेला तुमी होत्या. त्याला कोण आहे? एक आई, तिला तुमच्या वसरीवर उभं राहू देत न्हाईत."

नानीबाई गुडघ्यावर हात टेकून उठल्या आणि परतीला लागल्या. ह्या बारीला त्या माझ्या पुढं होत्या.

६

चावडीसमोर सगळा गाव जमला होता. अमीनसाहेब बाहेर आले, शिपायानं लखमाला धरून आणलं. जिवनबाई बाभळीखाली उकिडवी बसलेली. उकंडरावही आला.

नानीबाई मधोमध जाऊन उभ्या राहिल्या. पंचवीस वर्षं त्या गावात नांदल्या, पुरुषांसमोर त्यांचा आवाज कुणी ऐकला न्हवता.

"साहेब, त्या पोराला सोडा. माझी सून डोहापर्यंत आलीच न्हाई. ओढ्यावरनं तिला मी घालवली."

"आवाज?" अमीनसाहेब म्हणाले.

"आवाज माझा होता." त्यांनी लुगड्याचा काठ वर घेतला. सगळ्यांसमोर, घोट्याच्या वर चार बोटं. "त्या तोरड्या आना. लावून पाहा."

गर्दीतल्या म्हाताऱ्या बाया 'शिव शिव' करून मागं सरकल्या. मी अमीनसाहेबांना वाकलेली खिळी दाखवली, रांग कुणी बदलली ते सांगितलं, सखुबाईला पुढं ओढून ओढ्याआधीचा लांबचा आणि नंतरचा जवळचा आवाज सांगायला लावला. सखुबाई बोलता बोलताच थांबली आणि सासूकडं पाहत राहिली. तिला आत्ता कळलं की तिच्या पाठीशी कोण चालत होतं.

साहेबांनी शिपायाकडून तोरडी मागवली आणि नानीबाईंच्या पायापाशी जमिनीवर ठेवायला सांगितली. लावायची गरज पडली न्हाई. जखम आणि चांदीची कड एकाच रुंदीची होती. ओढ्यापासून डोह कोसभर, आणि लखमा सगळा वेळ डोहावर, हे संतरामाचं बयान त्यांच्याच कागदात होतं. त्यांनी कागद वाचला, परत वाचला, मंग शिपायाला मान हलवली.

बेड्या निघाल्या. लखमा दोन पावलं चालला आणि आईपाशी जाऊन मातीत बसला. जिवनबाईनं त्याचा सुजलेला डोळा आपल्या ओढणीनं झाकला.

"रमण्यात बैल घातले, उसका दंड अलग," अमीनसाहेब म्हणाले, पण त्यात जोर न्हवता. मंग ते नानीबाईकडं वळले. "बहू कहाँ है?"

"पैनगंगेपलीकडं."

एवढं ऐकलं आणि उकंडराव पुढं आला. "मामाकडं? मामाकडं धाडली तू तिला?" त्याच्या हाताची मूठ वळली होती. मला वाटलं आता आईवरही उचलतो.

"जा," नानीबाई म्हणाल्या. "मामाकडं जा. तिथं न्हाई ती. भावाला मी म्हनलं, एक रातीच्या वर ठेवू नको, पुढं कुठं सोडायची तिथं सोड. आनि कुठं सोडली, ते मला कदी सांगू नको."

"तुला ठावं आहे," उकंडराव म्हणाला. "तू खोटं बोलून राहिली."

"न्हाई ठावं."

मंग त्याची मूठ सुटली. सगळ्या गावासमोर तो आईच्या पायाशी बसला, तिचे सोललेले पाय धरले आणि लहान पोरासारखा रडायला लागला. आई, सांग ना. आता न्हाई मारनार. तुझी आन, आई. एकदा सांग. मला तेवढ्या वेळापुरतं ते खरंही वाटलं.

नानीबाई खाली वाकल्या. लेकाच्या डोक्यावरून हात फिरवला. त्यांचे ओठ हलत होते, आणि गावासमोर एवढा वेळ कोरडे असलेले डोळे भरून आले.

"म्हनून तं भावाला विचारलं न्हाई रे," त्या म्हणाल्या. "तू असा रडशील, हे मला म्हाईत होतं. आनि तू रडला की मी सांगून टाकीन, हे बी म्हाईत होतं."